मी अजून गोळीवर आहे

‘मी नशा सोडली’ छापाची गोष्ट वाचायला आला असाल तर आधीच सांगतो, ही ती नाही. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनचाच प्रकार, सुटलंय. त्याच्या जागी जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन नावाची एक गोळी आली आहे, सरकारी, फुकट, आणि बराच काळ रोज नर्सच्या डोळ्यांदेखत घ्यावी लागलेली. या उपचाराला ओएसटी म्हणतात, ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी. डॉक्टरांनी लिहिलेले लेख मला सापडले होते, पण कुठल्या खिडकीवर जायचं, किती वेळ लागतो, शेठला काय सांगून निघायचं, हे त्यांत नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

माझ्याबद्दल थोडक्यात. डीटीपीची कामं करतो: लग्नपत्रिका, वधूवर मेळाव्यांची पुस्तकं, निवडणूक आली की पत्रकं. लालबाग-परळ पट्ट्यात वाढलो. वडील गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. आमच्या गल्लीत गर्द ऐंशीच्या दशकात आलं, माझ्यापर्यंत पोचायला आणखी पंधरा-सोळा वर्षं लागली. आधी पन्नी, म्हणजे चंदेरी कागदावर तापवून धूर ओढणं, मग सुई. ‘का घ्यायला लागलास’ हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की उत्तर पाठ झालंय आणि त्यातलं खरं किती ते मलाच सांगता यायचं नाही. तो विषय इथे नको.

२०१९ मध्ये ताईनं मला शहराबाहेरच्या एका खासगी केंद्रात ठेवलं. महिन्याला पंधरा हजार, तीन महिन्यांचे आगाऊ. तिनं पतपेढीचं कर्ज काढून भरले. तिथे टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, लागली की औषध नाही. पाय झाडले की दोरीनं खाटेला बांधायचे, आणि सकाळी प्रार्थना. मानसिक आरोग्य कायदा २०१७ साली झाला, त्यात नशेचे आजारही येतात आणि रुग्णाला साखळदंडानं बांधायला मनाई आहे, हे मला फार उशिरा कळलं. सगळी केंद्रं अशी नसतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि तिथून बरे झालेले लोक मी पाहिलेत. पण चांगलं असो की वाईट, केंद्राचा पाया एकच असतो: आधी पूर्ण बंद, मग बाकी सगळं. ज्याला ते जमत नाही, त्यानं मधल्या काळात काय करायचं?

मार्च २०२२ मध्ये शेजारच्या चाळीतला माझा मित्र गेला. चार महिने केंद्रात राहून, अंगावर मांस धरून आला होता. आल्यानंतर आठवड्याभरात त्यानं पूर्वी घ्यायचा तेवढाच माल घेतला. शरीराची सवय मोडलेली असते, जुनं माप आता जास्त होतं, श्वास मंदावतो आणि थांबतो. सार्वजनिक शौचालयाचं दार तोडून त्याला काढलं. सोबतच्या पोरांनी तोंडावर पाणी मारलं, थोबाडीत मारल्या, कुणीतरी दूध आणायला पळालं. पोलीस येतील म्हणून १०८ ला फोन कुणी केला नाही. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत धोक्याचे असतात, हे तिथल्या एकालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. फोन करायचा, कुशीवर झोपवायचं, श्वास नसेल तर तोंडानं द्यायचा, आणि डॉक्टरला काय घेतलंय ते खरं सांगायचं. रुग्णालयात नॅलोक्झोन नावाचं इंजेक्शन असतं, त्यानं माणूस परत येतो.

त्यानंतर साधारण महिन्यानं, एप्रिलमध्ये, पुलाखाली एक जण आमच्याशी बोलायला लागला. पायात झिजलेली सँडल, खांद्याला शबनम. मला वाटलं खबरी. त्यानं शबनममधून नव्या सुया-सिरिंजा काढल्या, जुन्या गोळा करायला प्लॅस्टिकचा डबा पुढे केला, आणि माझ्या कोपराजवळच्या गळवाकडे बघून म्हणाला, “दादा, हे आज धुवायला पाहिजे. सेंटरवर चल, ड्रेसिंग करून देतो.” कधी सोडणार, असं त्यानं विचारलंच नाही. तो स्वतः आठ वर्षं सुईवर होता. अशांना ‘पिअर’ म्हणतात.

सेंटर म्हणजे दोन खोल्यांची जागा, एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली एक संस्था चालवते. कॅरम, पंखा, दुपारी पडायला चटया, आणि कडी लागणारी मोरी. मोरीत साबण, दोरीला बांधलेलं नेलकटर. मी बऱ्याच काळानं कुणी दार न ठोठावता आंघोळ केली. मग फॉर्म: नाव, टोपणनाव, वय, पहिल्यांदा सुई कधी, शेवटची कधी, दुसऱ्याची वापरली का. आधार मागितलं नाही. नावाच्या जागी पुढे एक कोड वापरतात, तो पाठ करून ठेवा, सगळीकडे तोच लागतो.

सुया वाटण्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं असतं, ताईचंही होतं: “डायबेटिसवाल्यांना विकत घ्याव्या लागतात आणि गर्दुल्ल्यांना फुकट?” समुपदेशक मॅडमनी तिला बसवून सांगितलं. मणिपूरमध्ये १९९० च्या आसपास सुईवाटे एचआयव्ही झपाट्यानं पसरला. २०१७ च्या सरकारी सर्वेक्षणात सुईनं नशा करणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण सहा टक्क्यांच्या वर होतं, सर्वसाधारण प्रौढांत ०.२२ टक्के. सुई मिळाली नाही म्हणून कुणी नशा टाळत नाही, दुसऱ्याची उचलतो. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्याचं २२ वं कलम असं सुया वाटणं आणि ओएसटी देणं गुन्हा धरू नये असं सांगतं. ताईला आकड्यांपेक्षा एवढंच पटलं की तो पिअर माझ्यासारखा होता आणि आता पगार घेतो. डायबेटिसवाल्यांनाही फुकट मिळाव्यात, या तिच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे.

मे महिन्यात तपासण्या. पिअर सोबत आला, हे महत्त्वाचं, एकट्यानं जाऊ नका. पालिकेचं मोठं रुग्णालय, केस पेपरची रांग सकाळी आठलाच लागते, सुट्टे पैसे जवळ ठेवा. आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, आधी समुपदेशन, सही, मग रक्त. माझ्या शिरा राहिलेल्या नाहीत. तंत्रज्ञ वैतागली, “काय करून ठेवलंय हे,” म्हणाली, आणि मी उठून चाललो होतो. पिअरनं खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि तिला शांतपणे सांगितलं, “मॅडम, पायावरची बघा.” एचआयव्हीचा अहवाल त्याच दिवशी आला, निगेटिव्ह. यकृताला धरणारा हिपॅटायटिस सी मात्र पॉझिटिव्ह. सी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, नुसतं पॉझिटिव्ह ऐकून हातपाय गार पडले. त्यावर इलाज आहे, पूर्ण बरा होतो आणि तो राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून मोफत आहे, हे तिथेच कुणी सांगितलं असतं तर त्या रात्री मी जास्त माल घेतला नसता.

ओएसटीसाठी पुढे दोन आठवडे थांबावं लागलं, डॉक्टर रजेवर होते. संस्थेची चिठ्ठी, दोन फोटो, संमतिपत्र. संमतिपत्र वाचून घ्या, मराठीत मिळतं, मागा. इथे एक अजब गोष्ट पाहिली. माझ्यासोबत एक पोरगा आला होता, बावीस-तेवीस वर्षांचा, फक्त पन्नी मारणारा. त्याला सांगितलं, ही योजना सुईवाल्यांसाठी, तू मानसोपचार विभागात जा. एड्स कार्यक्रमाचं उद्दिष्ट एचआयव्ही रोखणं, त्यामुळे नियमाला नियम बरोबर आहे. पण बाहेर आल्यावर तो पोरगा मला म्हणाला, “म्हणजे सुई घेऊन येऊ?” नशाग्रस्तांसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची वेगळी केंद्रं आहेत, आरोग्य खात्याची वेगळी, एड्सवाल्यांची वेगळी. कुणाची हद्द कुठे संपते हे रांगेतल्या माणसाला कुणी सांगत नाही. तुम्ही पन्नीवर असाल तर मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत ‘ब्युप्रेनॉर्फिन मिळेल का’ असं नाव घेऊन विचारा. नाव घेतलं की समोरचा जरा सरळ बसतो.

सोमवार, १३ जून २०२२. पहिल्या डोससाठी टर्की लागलेली असावी लागते. रक्तात गर्द असताना गोळी घेतली तर ती गर्दाला एकदम हाकलते आणि जी टर्की दोन दिवसांत चढायची ती अर्ध्या तासात चढते. त्यामुळे आदल्या रात्रीपासून काही न घेता जायचं. मी नऊला पोचलो तेव्हा नाक-डोळे गळत होते, पोटात पिळ, पाय एका जागी ठरत नव्हते. डॉक्टरांनी नाडी बघितली, बुबुळं बघितली, हातावरचा काटा बघितला आणि म्हणाले, अजून थोडं थांबू. त्या बाकावरचे दोन तास मी कुणावर लोटणार नाही, पण ते टाळता येत नाहीत. जाड चादर, पाण्याची बाटली, आणि सोबत कुणीतरी हवंच.

अकराच्या सुमाराला सिस्टरनी बोलावलं. पाकिटातून दोन मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या काढल्या, चमच्याच्या पाठीनं भरड केल्या, “आ कर, जीभ वर,” आणि जिभेखाली सोडल्या. गिळायच्या नाहीत; गिळल्या तर जवळजवळ फुकट जातात. कडू, त्यावर नकली लिंबासारखी चव. तोंडात लाळ भरते आणि ती तशीच धरून बसायचं, बोलायचं नाही. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा “आ”, जीभ डावीकडे, उजवीकडे, मग मोकळे. पाऊण तासानं पाय थांबले. चढलं वगैरे काही नाही. मला भूक लागली, एवढंच. रुग्णालयासमोरच्या गाडीवर दोन वडापाव खाल्ले. मग पुन्हा आत तपासायला बसवून ठेवलं. दोन आठवड्यांत डोस बारा मिलिग्रॅमवर स्थिर झाला.

एक गोष्ट ठळक करून सांगतो: या गोळीसोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या, ज्यांना आपल्याकडे बटण म्हणतात, घेऊ नका. एकेकटं चालून जाईल असं वाटतं, एकत्र श्वास बंद पडतो. बाकी त्रास किरकोळ: घाम, आणि बद्धकोष्ठ. इसबगोल घरात ठेवा.

गणपतीत मी पुन्हा घेतलं. मंडळाची अहवाल-पुस्तिका छापून दिली होती, हातात पैसे आले, जुनी माणसं भेटली. काही चढलं नाही, गोळी आधीच जागा धरून बसलेली असते. दुसऱ्या दिवशी सिस्टरना सांगितलं. जुन्या केंद्रात यासाठी महिना वाढवायचे. इथे त्यांनी पत्रकावर नोंद केली, डॉक्टरांनी डोसबद्दल विचारलं, समुपदेशक मॅडमनी पैसे मिळाल्याच्या दिवशी पैसे कुणाकडे ठेवता येतील ते विचारलं. ताईकडे, म्हटलं. बस. गोळी चालू राहिली. त्या वर्षी आणखीही घसरलो, पण रांग सोडली नाही, कारण रांगेतून कुणी काढलं नाही.

आता रांगेबद्दल. गोळी फुकट आहे पण रोज जायचं म्हणजे फुकट नाही. माझा लोकलचा पास होता, शेठनं अकराला येऊ दिलं, त्याबद्दल पगारातून दीड हजार कापले. माझं निभावलं. पण नाक्यावर उभं राहणारा बिगारी सातला कामावर गेला नाही तर त्याची दिवसाची मजुरी जाते, आणि खिडकी उघडते नऊला. भंगार वेचणारी एक बाई यायची, कडेवर दीड वर्षाचं पोर. गोळी जिभेखाली असताना पोराशी बोलता येत नाही, ते रडायचं. पिअर त्याला घेऊन जिन्यात उभा राहायचा. ती पावसाळ्यानंतर दिसली नाही. जुलैत लोकल बंद पडल्या की निम्मी माणसं चुकायची आणि त्यांतली काही त्या दिवशी सुईकडे जायची. माझ्या ओळखीचा एक जण, घरचा बरा, खासगी मनोविकारतज्ज्ञाकडे जातो. त्याला हीच गोळी आठवड्याची घरी मिळते. आजार तोच आणि गोळी तीच. विश्वास मात्र फी बघून ठेवला जातो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आमच्या केंद्रातल्या जुन्या लोकांनाही काही दिवसांच्या गोळ्या घरी दिल्या होत्या. ते सांगतात, काही आभाळ कोसळलं नाही.

हिपॅटायटिसचं पुढचं. एका ठिकाणी मला सांगितलं, आधी नशा पूर्ण सोड, ओएसटीही सोड, मग ये. तसा नियम नाही. समुपदेशक मॅडमनी कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांची पानं छापून दिली, छापली अर्थात मीच, आणि दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं. जानेवारी २०२३ मध्ये सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर सुरू झालं, रोज एकेक, बारा आठवडे, यकृत निबर झालेलं नसेल तर एवढंच. औषध महिन्याचं एकदम देतात. गंमत बघा, यकृताच्या महागड्या गोळ्या महिन्याच्या हातात दिल्या, त्याच हातात दुसऱ्या दिवसाची ब्युप्रेनॉर्फिन द्यायला मात्र बंदी. संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी तपासणी, जुलैमध्ये: विषाणू आढळला नाही. तो कागद ताईनं लॅमिनेट करून घेतला.

पोलिसांचंही सांगायला हवं. २०१७ मध्ये मला एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ खाली, म्हणजे सेवनासाठी, उचललं होतं. कोर्टात सगळे जे करतात ते केलं: गुन्हा कबूल, दंड, संध्याकाळी घरी. वकील नाही, कुणी काही समजावलं नाही. २०२३ मध्ये एका पॅकेजिंग कंपनीत चांगली नोकरी जवळजवळ मिळाली होती, पोलीस पडताळणीत ते निघालं आणि फोन येणं बंद झालं. याच कायद्यात ६४अ कलम आहे: व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि तो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर खटल्यापासून सूट मिळू शकते, उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. हेरॉइनचं अल्प प्रमाण म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत. उचललं गेलात तर कबुली देण्याआधी विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मागा आणि ६४अ चं नाव काढा. ओएसटीचा कागद खिशात असू द्या. आमच्या शेठकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचा दारू पिण्याचा आजन्म परवाना आहे, फ्रेम करून लावलाय. त्यांचं यकृत माझ्यापेक्षा वाईट आहे. पडताळणीत ते पास होतील.

फेब्रुवारी २०२४ पासून मला काही दिवसांच्या गोळ्या घरी मिळतात. त्यासाठी अर्ज, घरच्या माणसाची सही, अचानक बोलावल्यास उरलेल्या गोळ्या घेऊन हजर राहायची हमी. घरात लहान मुलं असतील तर कुलूपबंद डबा ठेवाच, एक गोळीसुद्धा मुलाला महागात पडते. गावाला जायचं असेल तर आधी सांगा, आयत्या वेळी नाही. आई गेली तेव्हा रत्नागिरीला जायचं होतं, सिस्टरनी अर्ध्या तासात डॉक्टरांची सही आणून दिली, पण तो त्यांचा चांगुलपणा होता, हक्क नव्हे.

सध्या आठ मिलिग्रॅमवर आहे. ‘कधी बंद करणार’ हा प्रश्न आता सुरू झालाय, मामा तर दर सणाला विचारतो. डॉक्टर म्हणतात घाई नाही, काही लोक वर्षानुवर्षं घेतात. मी त्यांना सांगितलंय की हातातली कामं होऊ देत, मग सहावर येऊन बघू. नाही जमलं तर परत आठ.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी १०९७ वर फोन करा, तो एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत क्रमांक आहे, जवळचं ओएसटी केंद्र विचारा. नशामुक्तीसाठीचा १४४४६ वेगळा, तिथे बाकीच्या केंद्रांची माहिती मिळते. खिडकीची वेळ फोनवरच विचारून घ्या, रविवारची आणि सणांची वेगळी विचारा. पहिला डोस सोमवारी किंवा मंगळवारी घ्या, म्हणजे डोस वाढवायचा झाला तर पुढचे दोन-तीन दिवस डॉक्टर जागेवर असतात.